दोन रकान्यांची वही

पुण्याहून मंगळवेढ्याला जाताना एसटी कुठे कुठे थांबते, तिथलं स्वच्छतागृह कसं आहे, आत पाणी असतं का, दाराला कडी लागते का, हे सगळं मला पाठ होतं. यवत, पाटस, भिगवण, इंदापूर, टेंभुर्णी. टेंभुर्णीला मी उतरायचेच, गरज असो वा नसो, कारण पुढे पंढरपूरपर्यंत धीर निघेल याची खात्री नसायची. माहेरी जायचं ठरलं की आदल्या दुपारपासून जेवण बंद. पोट रिकामं असलं की दगा देणार नाही, असा माझा हिशोब. सकाळी फक्त चहा घेऊन गाडीत बसायचे आणि हडपसर सुटायच्या आत पोटात कळ यायची.

हे चार वर्षं चाललं. त्यातून बाहेर कशी आले ते सविस्तर लिहिते आहे, कारण त्या काळात मला असं काही वाचायला मिळायला हवं होतं.

मी ३९ वर्षांची. विम्याचे दावे तपासणाऱ्या एका ऑफिसात दुपारी २ ते रात्री ११ अशी शिफ्ट. घरी नवरा, दहावीतली मुलगी, सासूबाई. २०१९च्या आसपास पोट बिघडायला लागलं. ऑफिसला निघायच्या आत तीन-तीनदा शौचाला जावं लागे. संध्याकाळी पोट नगाऱ्यासारखं फुगे. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं की पोटात गोळा यायचा, आणि तो खरोखरचा गोळा असायचा. जागेवरून उठून धावावं लागायचं.

पोटविकारतज्ज्ञांकडे गेले. रक्त, शौच, सोनोग्राफी, एण्डोस्कोपी, कोलोनोस्कोपी असं सगळं झालं. सगळं नॉर्मल. ‘आयबीएस आहे, म्हणजे तपासणीत दोष दिसत नाही पण आतड्याचं काम बिघडतं. घाबरण्यासारखं काही नाही, टेन्शन घेऊ नका,’ असं सांगून त्यांनी आम्लपित्ताची गोळी चार आठवड्यांसाठी लिहून दिली. तपासण्या आवश्यकच होत्या. शौचातून रक्त जात असेल, वजन आपोआप उतरत असेल, रात्री झोपेतून उठून जावं लागत असेल, ताप असेल, किंवा पन्नाशीनंतर हा त्रास नव्यानेच सुरू झाला असेल, तर आधी डॉक्टर, बाकी सगळं नंतर. माझ्या बाबतीत चूक झाली ती पुढे, आणि ती माझ्या हातून. चार आठवड्यांची ती गोळी मी त्याच जुन्या चिठ्ठीवर औषधाच्या दुकानातून आणत राहिले. सकाळी अनशापोटी एक. तीन वर्षं.

‘टेन्शन घेऊ नका’ हे वाक्य मात्र मनात रुतून बसलं. म्हणजे हे मी स्वतःच ओढवून घेतलंय, असा मी त्याचा अर्थ लावला.

हळूहळू मनही खालावलं. पहाटे साडेतीनला जाग यायची आणि मग डोळा लागायचा नाही. कामात पॉलिसीचा नंबर वाचून पडद्यावर टाकेपर्यंत विसरायचे. मुलगी डबा मागायला आली तरी रडू फुटायचं. २०२२च्या श्रावणात तर सकाळ होऊच नये असं वाटायला लागलं. हा आजार आहे हे मला कळलं नाही. मी स्वभावानेच कच्ची, असं धरून चालले होते. नवऱ्याला एका रात्री हे बोलून दाखवलं आणि दुसऱ्या दिवशी त्याने मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली. हे वाचणाऱ्या कुणाला तसं वाटत असेल तर आधी घरातल्या कुणाशी तरी बोला. कुणी जवळ नसेल तर सरकारची टेलिमानस सेवा आहे, १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत, आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

डॉक्टर मॅडमनी मनाबद्दल विचारलं, झोपेबद्दल विचारलं, आणि मग पंधरा-वीस मिनिटं फक्त पोटाबद्दल. किती वेळा, कधी, कशानंतर, काय खाता, काय सोडलंत. मला नवल वाटलं. चार वर्षं मी पोट एका दवाखान्यात नेत होते, मनाचं कुणाला सांगतच नव्हते, आणि इथे पहिल्यांदा कुणीतरी दोघांना एकाच खुर्चीत बसवलं.

त्यांनी कागदावर एक आकृती काढली. मेंदूपासून पोटापर्यंत जाणारी व्हेगस नावाची लांबलचक नस. मेंदू हुकूम सोडतो आणि पोट ऐकतं, असा माझा समज होता. पण त्या नसेतले सुमारे ८० टक्के तंतू उलट दिशेचे आहेत, पोटाकडचे निरोप मेंदूकडे नेणारे. शिवाय आतड्याच्या भिंतीत मज्जापेशींचं स्वतःचं मोठं जाळं आहे. आतड्यातले जिवाणू, आतड्याची सूज, पोट किती भरलंय, किती ताणलंय, या सगळ्याची खबर सतत वर जात असते. आणि मन धास्तावलेलं असलं की वरून खालीही तेच. आतड्याची हालचाल बिघडते, साधा वायूसुद्धा कळ होऊन जाणवतो. ‘कुणी आधी बिघडवलं हे शोधत बसू नका. दोन्हीकडून दुरुस्ती करू,’ मॅडम म्हणाल्या.

नैराश्याची गोळी सुरू झाली. देतानाच त्यांनी सांगितलं होतं की पहिले दोन आठवडे पोट आणखी बिघडेल. सेरोटोनिन म्हणजे मज्जापेशींमधले निरोप पोचवणारं एक रसायन. शरीरातलं ९० टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन आतड्यात तयार होतं आणि ही गोळी सेरोटोनिनवरच काम करते, त्यामुळे पोटाला आधी कळतं. तसंच झालं. आधी सांगितलं नसतं तर मी चौथ्या दिवशी गोळी बंद केली असती. इथे एक गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण नंतर मोबाइलवर मी हे शंभर वेळा चुकीचं वाचलं. पोटात तयार झालेलं सेरोटोनिन मेंदूत शिरत नाही. त्यामुळे ‘अमुक खा, सेरोटोनिन वाढेल आणि आनंदी व्हाल’ हे खरं नाही. पोटाचा मनावर परिणाम होतो तो नसेमार्फत, सूज वाढल्या-कमी झाल्याने, आणि पोषण पोचलं की नाही त्यावरून.

त्या पोषणाचा धडा रक्ताच्या अहवालात मिळाला. थायरॉइड ठीक, हिमोग्लोबिन १०.६, ड जीवनसत्त्व कमी, आणि बी-१२ १४८. दोनशेच्या खाली गेलं की कमतरता धरतात. हाताला मुंग्या येणं, विसरणं, गळून जाणं, उदास वाटणं, यातलं बरंचसं बी-१२ कमी असल्यानेही होऊ शकतं. आम्ही शाकाहारी. बी-१२ वनस्पतींमधून मिळत नाही, दूध-दह्यातून थोडं मिळतं, आणि दही-ताक मी ‘पोटाला नको’ म्हणून कधीच सोडलं होतं. वर ती सकाळची आम्लपित्ताची गोळी. अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला जठरातलं आम्ल लागतं, आणि मी तर ते आम्लच तीन वर्षं दाबून ठेवलं होतं. मॅडमनी असंही सांगितलं की पुण्यातल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातल्या ४४१ पुरुषांचा अभ्यास २००६मध्ये प्रसिद्ध केला, त्यात जवळजवळ दोन तृतीयांश जणांमध्ये बी-१२ कमी निघालं होतं. मी एकटी नव्हते, एवढ्यानेही बरं वाटलं. इंजेक्शनं सुरू झाली, नंतर गोळ्या. नैराश्य फक्त बी-१२मुळे आलं असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत, आणि मीही म्हणणार नाही.

आम्लपित्ताची गोळी त्यांनी एकदम बंद करू दिली नाही. पोटविकारतज्ज्ञांशी बोलून सहा आठवड्यांत उतरवत आणली. एकदम सोडली की आम्ल उसळी मारतं, छातीत आग होते आणि माणूस पुन्हा गोळीकडे धावतो.

मग आहारतज्ज्ञ. तिशीतली मुलगी, मला ताई म्हणायची. मी आहाराचा तक्ता मागायला गेले होते. तिने तक्ता दिला नाही. शंभरपानी वही विकत घ्यायला लावली आणि म्हणाली, दोन आठवडे काही बदलू नका, फक्त लिहा. डाव्या रकान्यात काय खाल्लं, किती वाजता, कुठे बसून, कुणाबरोबर. उजव्या रकान्यात पोट कसं होतं आणि मन कसं होतं, दोन्हीला दहापैकी गुण. झोप किती ते खाली.

त्या वहीने जे दाखवलं ते चार वर्षांत मला दिसलं नव्हतं. त्यातलं एक पान जसंच्या तसं उतरवते.

सकाळी ८, चहा, दोन खाऱ्या, उभ्याने. ११, चहा. १ वाजता पांढरा भात, बटाट्याची सुकी भाजी, निघायच्या घाईत. ४, चहा. ६, वडापाव, चहा, पडद्यासमोर. ९, चहा, बिस्किटं. रात्री ११.४५, ब्रेड-बटाटा, मोबाइल बघत. पोट ३, मन २. झोप ४ तास.

चौदा दिवसांची चौदा पानं जवळजवळ अशीच. आहारतज्ज्ञाने वही वाचली आणि विचारलं, ‘ताई, भाकरी कुठे आहे? उसळ? कोशिंबीर? ताक? तुम्ही मंगळवेढ्याच्या ना?’

मंगळवेढा म्हणजे ज्वारीचं कोठार. मालदांडीची पांढरीशुभ्र भाकरी, शेंगाची चटणी आणि ताकातल्या कण्या यांवर मी वाढले. मग हे सगळं गेलं कुठे? घाबरून एकेक सोडत गेले होते. एकदा मटकीची उसळ खाल्ल्यावर त्रास झाला, उसळ बंद. ताकाने एकदा ढवळलं, ताक बंद. भाकरी ‘जड’, म्हणून बंद. कच्चं काही नको, म्हणून काकडी-गाजर बंद. जे उरलं ते सगळं मऊ, पांढरं आणि मैद्याचं. तिने हिशोब करून दाखवला. दिवसाला साधारण ३० ग्रॅम तंतुमय पदार्थ पोटात जायला हवेत, माझे १० ग्रॅमच्या आसपास जात होते. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम असतात, तितक्याच मैद्यात किंवा पांढऱ्या तांदळात तीनही नाहीत. हे तंतू आपल्याला पचत नाहीत, मोठ्या आतड्यातले जिवाणू ते आंबवून खातात. त्यातून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार होतात, आणि मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशींचं ते मुख्य अन्न. मी जिवाणूंना उपाशी ठेवलं होतं, आणि त्यांच्यावर जगणाऱ्या अस्तरालाही.

भीतीने ताट आक्रसत गेलं, आक्रसलेल्या ताटाने पोट आणखी नाजूक झालं, आणि नाजूक पोटाने भीती वाढवली. हे चक्र त्या दोन रकान्यांत समोर दिसलं तेव्हा मी त्या केबिनमध्ये रडले. पण ते रडणं वेगळं होतं. हातात धरायला काहीतरी सापडलं होतं.

पहिले दोन आठवडे तिने फक्त वेळा बदलल्या. पदार्थ तेच. रात्रीचं जेवण ऑफिसात ८ वाजता, डबा उघडून, पडद्यापासून दूर बसून. जेवायला सुरुवात करण्याआधी पाच सावकाश श्वास. घरी आल्यावर काही नाही. चहा दिवसाला पाच कपांवरून दोनवर, तोही काहीतरी खाऊन झाल्यावर. एवढ्यानेच पहाटेची जाग साडेतीनवरून पाचवर आली. औषधही चालू होतं, त्यामुळे कशाने किती फरक पडला हे मी वेगळं काढू शकत नाही, आणि काढायचंही नाही.

तिसऱ्या आठवड्यात मी घाई केली. बरं वाटायला लागलं तसा उत्साह चढला आणि एकाच दिवशी मोड आलेली कच्ची मटकी, मोठी वाटी कोशिंबीर, दोन भाकऱ्या, जवसाची चटणी असं सगळं खाल्लं. संध्याकाळी ऑफिसात पोटात मुरडा, घाम, छातीत धडधड, हातपाय गार. स्वच्छतागृहात अर्धा तास बसून होते. घरी आल्यावर वहीत उजव्या रकान्यात लिहिलं, पोट ०, मन ०, आणि वही कपाटात टाकून दिली. चार दिवस पुन्हा ब्रेड.

पाचव्या दिवशी आहारतज्ज्ञाचा फोन आला. ती रागावली नाही. म्हणाली, ‘चार वर्षं रिकाम्या पडलेल्या घरात एकदम शंभर पाहुणे बोलावलेत. दोघांपासून सुरू करू.’ मग अर्धी वाटी मूग. रात्री भिजवून, ते पाणी टाकून, मोड आणून, कुकरला मऊ शिजवून, हिंग-जिरं-आल्याची फोडणी देऊन. आठवडाभर अर्धीच वाटी. भाकरीही अर्धी, उरलेली पोळी. एक चमचा इसबगोल भरपूर पाण्यातून. गव्हाचा कोंडा नको म्हणाली, त्याने अशा पोटात वायू वाढतो, इसबगोल सोसवतो. दर आठवड्याला एकच नवीन पदार्थ, आणि तोही वहीत नोंदवून.

त्यानंतर चार आठवडे कांदा-लसूण बंद करून पाहिलं. काही पदार्थांतली साखर लहान आतड्यात नीट शोषली जात नाही, पुढे जाऊन ती पाणी ओढते आणि वायू करते. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाने त्यावरून आयबीएसच्या रुग्णांसाठी एक आहारपद्धत तयार केली आहे. ती थोड्या आठवड्यांपुरतीच असते. नंतर एकेक पदार्थ परत आणून बघायचा आणि जो सोसत नाही तेवढाच कमी ठेवायचा. आमच्या घरी या काळात सासूबाईंनी जे केलं ते कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं. मी काळजीत होते की कांद्याशिवाय रोज काय करायचं. त्या म्हणाल्या, ‘अगं, मी चाळीस वर्षं चातुर्मास पाळलाय. चार महिने कांदा-लसूण नाही, घरात कुणी उपाशी राहिलं का?’ आणि मग हिंगाची, कढीपत्त्याची, ओल्या खोबऱ्याची, जिऱ्याची एकेक भाजी निघायला लागली. पडवळाची मूगडाळ घातलेली, दुधीची, लाल भोपळ्याची, दोडक्याच्या शिरांची चटणी. मला तोवर त्यांचा चातुर्मास म्हणजे फक्त सोवळंओवळं वाटायचं. त्या स्वयंपाकाचं खरं मोल मला आजारात कळलं.

लसूण मला चालतो हे पाचव्या आठवड्यात कळलं. गहूही चालतो. कांदा चमचाभर चालतो, वाटीभर नाही. चार वर्षं ज्या वीस पदार्थांना घाबरले, त्यातला खरा गुन्हेगार हा एकच, आणि तोही जास्त झाला तरच.

दही सर्वात शेवटी आलं. सासूबाई रोज रात्री विरजण लावतात, पातेल्याला टॉवेल गुंडाळतात. पहिल्या दिवशी चार चमचे ताक, हिंग-जिरं घालून. मग अर्धी वाटी. दूध मला अजूनही सोसत नाही, दही सोसतं, कारण विरजणात दुधातली बरीच साखर जिवाणू आधीच खाऊन टाकतात. स्टॅनफर्ड विद्यापीठात २०२१मध्ये ३६ निरोगी माणसांवर एक प्रयोग झाला होता. ज्यांनी दहा आठवडे आंबवलेले पदार्थ वाढवत नेले त्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंचं वैविध्य वाढलं आणि रक्तातली सूज दाखवणारी बरीच प्रथिनं कमी झाली. हे मी आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘आंबील कर की मग. चानं पोट भरतंय व्हय गं?’ रात्री ताकात ज्वारीचं पीठ भिजवायचं, सकाळी पाणी घालून शिजवायचं, वर जिरं आणि ठेचलेला लसूण. खारी-चहाच्या जागी सकाळी ८ला आंबील आलं आणि ऑफिसला निघायच्या आधीची धावपळ तीनवरून एकवर आली.

आहाराने नैराश्य बरं होतं का? हा प्रश्न मला बायका फार विचारतात. मी मॅडमना विचारला होता. त्यांनी ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. डीकिन विद्यापीठाच्या फेलिस जॅका आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, २०१७चा. नैराश्य असलेले ६७ जण, बारा आठवडे. निम्म्यांना आहारतज्ज्ञाची मदत आणि भूमध्य समुद्राकडच्या पद्धतीचं जेवण, म्हणजे डाळी, भाज्या, फळं, अख्खी धान्यं, सुकामेवा, मासे, ऑलिव्ह तेल. उरलेल्यांना फक्त कुणीतरी भेटून गप्पा मारणारं. आहाराच्या गटात ३२ टक्के लोक नैराश्याच्या पट्ट्यातून बाहेर आले, दुसऱ्या गटात ८ टक्के. मला हा आकडा ऐकून भरून आलं होतं. पण मॅडमनी लगेच दुसरी बाजूही दाखवली. अभ्यास छोटा आहे, त्यातले बहुतेक लोक औषध किंवा समुपदेशन चालू ठेवूनच आहार बदलत होते, आणि आहाराच्या गटातलेही दोन तृतीयांश पूर्ण बरे झाले नव्हते. ‘जेवण हा औषधाला पर्याय नाही. औषध उभं राहतं ती जमीन आहे,’ असं त्या म्हणाल्या.

त्याआधी मी दोन गोष्टींवर पैसे घालवले होते. एक तीन दिवस फक्त रस पिण्याचा ‘डिटॉक्स’, एका नातलगाच्या सांगण्यावरून. दुसऱ्या दिवशी ऑफिसात चक्कर येऊन पडले. दुसरं म्हणजे महागड्या प्रोबायोटिक गोळ्या, तीन डबे. त्याने बरं किंवा वाईट काहीच झालं नाही. आहारतज्ज्ञाने त्यांना सरसकट नावं ठेवली नाहीत, पण म्हणाली, जिवाणू बाहेरून आणाल, पण त्यांना खायला ब्रेड देणार असाल तर ते राहतील कशाला?

मनातला बदल कसा आला हे सांगणं अवघड आहे. आनंद वाटायला लागला असं नाही. पहिल्यांदा जाणवलं ते असं की भीती यायची आणि जायची. आधी ती आली की मुक्कामालाच असायची. साधारण नवव्या आठवड्यात वहीत मन ६ लिहिलंय, आणि शेजारी ‘पाऊस बघितला’. नुसतं तेवढंच. खिडकीत उभी राहून पाऊस बघितला होता.

तरीही गाडीची भीती जेवणाने गेली नाही, आणि हे मी मुद्दाम नोंदवते. त्यासाठी समुपदेशकांकडे जावं लागलं. ते म्हणाले, प्रवासाआधी उपाशी राहणं बंद. रिकाम्या पोटात चहा ओतून घाबरत बसलात तर पोट हलणारच. निघण्याच्या दीड तास आधी दहीभात खायचा. मग टप्पे पाडले. पहिल्या रविवारी हडपसर ते लोणी काळभोर आणि परत. दोन आठवड्यांनी यवत. मग भिगवण. दर टप्प्याला पोटात कळ यायची, मी जागेवरून उठायचे नाही, ती चढायची, मग उतरायची. उतरते हे शरीराला कळायला चार फेऱ्या लागल्या.

आणि मग घसरण. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये ऑफिसात माणसं कमी केली, काम दुप्पट झालं, त्यातच माझे मामा वारले. जेवण तेच होतं, वेळा त्याच होत्या, आंबील, ताक, भाकरी सगळं होतं, तरी तीन आठवडे पोट पूर्वीसारखं वाहत होतं आणि पहाटेची जाग परत आली. मला वाटलं सगळं खोटं होतं. आहारतज्ज्ञाने तेव्हा वहीचे दोन रकाने उलटे वाचायला लावले, उजवीकडून डावीकडे. आधी मन बिघडलं होतं, पोट चार दिवसांनी. आधीच्या वेळी पोट आधी, मन नंतर. रस्ता दुहेरी आहे हे मॅडमनी कागदावर काढून दाखवलं होतं, पण माझ्याच अक्षरात बघितल्यावर पटलं. त्या वेळी पोटासाठी काही नवीन केलं नाही. मामांसाठी रजा काढून मंगळवेढ्याला गेले, चार दिवस आईजवळ झोपले, औषधाचा डोस मॅडमनी थोडा वाढवला. पोट आपोआप मागे आलं.

जानेवारीत हुरड्याला पुन्हा गेले. सकाळी दहीभात खाऊन निघाले होते, खिडकीची जागा मिळाली होती. टेंभुर्णी कधी गेलं मला कळलंच नाही. जाग आली तेव्हा चंद्रभागेचा पूल होता.

बी-१२ तीन महिन्यांनी ४१२ झालं, आता वर्षातून एकदा तपासते. हिमोग्लोबिन १२च्या वर. नैराश्याची गोळी दीड वर्षाने मॅडमनी अर्धी केली, ती अजून चालू आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. शिफ्ट बदलून मागितली, ती सकाळची मिळाली. त्याला वर्ष लागलं. कांदा चमचाभरच.

मागच्या आठवड्यात वरच्या मजल्यावरची मुलगी आली होती. एमपीएससीचा अभ्यास करते. परीक्षा जवळ आली की पोट सुटतं, रात्र रात्र झोप नाही, मध्येच रडते, असं तिच्या आईने सांगितलं होतं. ‘ताई, तुम्ही कुठली पावडर घेता?’ तिने विचारलं. मी तिला मॅडमचा नंबर दिला, आधी जाऊन भेट म्हणून सांगितलं, आणि माझ्या मुलीच्या कपाटातली एक कोरी वही काढून मधोमध रेघ मारून दिली.

‘पहिल्या पानावर काय लिहू?’

‘आज सकाळपासून काय खाल्लंस ते.’

ती पेन धरून बसली. दुपारचे तीन वाजले होते. थोड्या वेळाने म्हणाली, ‘चहा. चारदा.’

मी उठून मूगडाळीची खिचडी टाकली. सासूबाईंनी ताक घुसळायला घेतलं.